अप्पांनी नको म्हटलेली सुई

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीडला दवाखान्यात बसले होते. शेजारी माझी लेक गौरी, फ्लूची लस घ्यायला आलेली. ‘लगेच निघ,’ फोनवर नवरा म्हणाला. मी म्हटलं, ‘नंबर आलाय, लस घेऊनच निघते.’ सासरा गेला आणि सून रांगेत बसून राहिली, हे आमच्या गावात, चौसाळ्यात, अजून बोललं जातंय. बोलू द्या. याच सुईवरून आमचा एका घरात सहा वर्षं अबोला होता.

अप्पांच्या किराणा दुकानात लोक साखर न्यायला यायचे आणि सल्ला घेऊन जायचे. सोयरीक, जमिनीची वाटणी, कोणत्या डॉक्टरकडे जायचं... अप्पा सांगतील ते. मातीला आलेल्या प्रत्येकानं त्यांना मोठ्या मनाचा माणूस म्हटलं. मला तरी त्यांचा हट्टच दिसला.

गौरी आठ वर्षांची असताना तिचे गुडघे आणि मनगटं सुजायला लागली. सकाळी उठल्यावर तिला चमचा धरता येईना. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी लहान मुलांचा संधिवात असल्याचं सांगितलं, आठवड्याला एक गोळी सुरू केली. म्हणाल्या, ‘या औषधानं सूज उतरेल, पण प्रतिकारशक्तीही थोडी कमी होईल. म्हणून फ्लूची आणि न्यूमोनियाची लस द्याच, त्यात जिवंत जंतू नसतात. जिवंत जंतूंच्या लसी मात्र मला विचारल्याशिवाय देऊ नका. आणि घरच्या सगळ्यांनी फ्लूची लस घ्या.’ मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. अप्पा तराजू पुसत होते. न थांबता म्हणाले, ‘लेकराच्या अंगात आदीच दुखनं हाय, त्यात आनिक सुई कावून टोचायची? माझ्या घरात चालायचं न्हाई.’ नवऱ्यानं खाली बघितलं. त्याचं लग्न माझ्याशी झालं होतं, ऐकणं मात्र अप्पांचंच होतं.

त्या थंडीत अप्पांना ताप-खोकला झाला. मी गौरीला दुसऱ्या खोलीत झोपवलं, तर त्यांनी तिला हाक मारून आपल्या पांघरुणात घेतलं. ‘आज्याचा खोकला काय वाघ हाय का?’ काही दिवसांतच गौरीला न्यूमोनिया झाला. नाकाला ऑक्सिजन, श्वासागणिक आत ओढल्या जाणाऱ्या बरगड्या... अप्पा विभूती घेऊन दवाखान्यात आले. ‘देवाची मर्जी,’ म्हणाले. मी म्हटलं, ‘देवाची न्हाई, अप्पा. तुमची.’ वॉर्डातल्या बायका वळून बघायला लागल्या. त्यांनी पोरीच्या कपाळाला विभूती लावली आणि निघून गेले. त्यानंतर माझ्या हातचं पाणी त्यांनी घेतलं नाही.

गौरी वाचली. बरी झाल्यावर मी एकटीच तिला एसटीनं घेऊन गेले आणि दोन्ही लसी दिल्या. फ्लूची तेव्हापासून दर वर्षी. लोक मला ऐकवतात, अप्पा रोज सकाळी कोमट तेलानं तिचे गुडघे चोळायचे. चोळायचे, खरं आहे. तिच्यावर त्यांचा जीव होता. म्हणूनच तर मला जास्त राग येतो. जिच्यावर एवढा जीव, तिच्यासाठी एकदा माझं ऐकलं असतं तर काय गेलं असतं?

परवा लिंबागणेशची एक बाई दुकानात आली. सोबत तिची मुलगी, बोटं सुजलेली. म्हणाली, ‘हिला बी संधिवात हाय. डॉक्टर लस द्या म्हनत्यात, पन अप्पांनी नगं सांगितलं व्हतं. आता कुनाला इचारू?’ मी डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिची नजर अप्पांच्या गादीवर होती. तिथं अजून कुणी बसत नाही.

गौरी आतून आली आणि सरळ गादीवर जाऊन बसली. ‘मावशी, मलाबी हेच दुखनं हाय. मी दर साली लस घेते. मी अप्पांची नात.’

‘अप्पांची नात?’ बाई मुलीला घेऊन पुढं सरकली. ‘मग सांग बाई, कुठं जायाचं?’

गौरी तिला पत्ता समजावत राहिली. मी आत निघून गेले. या घरात शेवटी माझं ऐकलं गेलं, तेही अप्पांच्याच नावावर.