रुमालाची गाठ

गिरगाव चौपाटीवर विमानांच्या कसरती बघायला गेलो होतो. शेजारी साठीच्या एक बाई उभ्या होत्या. गळ्यात दुर्बीण, हातात मोठा जुनाट रुमाल. जेट विमानं डोक्यावरून किंचाळत गेली तरी त्यांनी मान वर केली नाही. जुनं, पंख्याचं विमान घरघरत आलं तशी मात्र त्यांनी रुमालाला गाठ मारली. एखादी वस्तू हरवली की सापडेपर्यंत माझी आई पदराला मारून ठेवायची, तशी.

"परत आलं की सोडायची," त्या म्हणाल्या. "वय झालंय हो त्याचं. मी त्याच्यासाठीच येते."

मला हसू आलं. तेवढ्यात विमान मलबार हिलच्या मागे गेलं आणि त्याचा आवाजच थांबला. सगळी चौपाटी टेकडीकडे बघू लागली. बाईंचे ओठ पांढरे पडले. रुमालाचं दुसरं टोक मी कधी घट्ट धरलं, कळलं नाही.

मग घरघर पुन्हा ऐकू आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना गाठ सुटेना, म्हणून ती मीच सोडली. माझ्या हातातल्या टोकालाही एक गाठ होती, जुनी, दगडासारखी घट्ट. मी तीही सोडायला गेलो.

त्यांनी रुमाल हळूच ओढून घेतला.

"ती राहू द्या. ती आजची नाही."