कलमं जगवायला मागे राहिलेली

दिवाळी सरली आणि भात झोडून झालं की आमच्या शहापूरच्या डोंगरपाड्यांवर ट्रक यायचे. बायका भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं वर चढवायच्या, आणि अख्खा पाडा भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जायचा तो पावसाच्या तोंडावर परत यायचा. मधल्या दिवसांत पाड्यावर चार म्हातारी माणसं आणि कुत्री उरायची.

हे जाणं थांबवणं हेच माझं काम होतं. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मी किन्हवलीजवळच्या गावातल्या बौद्ध कुटुंबातली, बारावी शिकलेली, आमच्या घरातली पगारावर जाणारी पहिली मुलगी. मी ज्या संस्थेत लागले, ती उतारावर फळझाडांची वाडी करायला आंब्याची, काजूची कलमं द्यायची. अट एकच : तीन उन्हाळे घरातल्या कुणीतरी मागे राहून त्यांना पाणी घालायचं.

खर्डीपासून आत, गाडीरस्ता संपल्यावर दोन तास चालत गेलं की एक ठाकरपाडा लागायचा. तिथं माझ्याच वयाची एक बाई होती. तिला तीन वर्षांची मुलगी. पाड्यावर मी घेतलेल्या सभेत कुणी पुढं येईना, तेव्हा ती एकटीच म्हणाली, "मी ऱ्हाते."

तिचा नवरा चिडला. "भट्टीवर जोडीला काम हाय. एकल्या मानसाला कोन ठेवतो?"

"तू भावासंग जा. मी पोरीला घेऊन ऱ्हाते."

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ताय, ही हितं एकली कशी ऱ्हायची?"

मी म्हटलं, "तीन उन्हाळ्यांचा तर प्रश्न आहे. मग तुम्हाला कुणालाच कुठं जावं लागणार नाही." मला खरंच तसं वाटत होतं.

तो गेला. तिनं प्रत्येक कलमाशेजारी एक मडकं पुरलं, मडक्याला बारीक भोक पाडून जुन्या लुगड्याची वात घातली. ओहोळ आटला तशी ती खालच्या डबक्यावर जाऊ लागली. दोन हंडे डोक्यावर, पोरगी मागे चालत. मी दर गुरुवारी जायचे. मडक्यांत पाणी आहे का बघायचे, वहीत लिहायचे, मग तिच्या पडवीत बसायचे.

"तू येतेस तवा बोलते मी," ती एकदा म्हणाली. "नायतर दिवसभर तोंड बंदच."

मला ते ऐकून बरं वाटलं होतं. त्या वाक्यात घाबरण्यासारखं काही होतं, ते मला कळलं नाही.

चैत्रात एका गुरुवारी मी गेले नाही. मला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून आईनं घरी थांबवलं. पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा ती पडवीत एकटीच बसली होती.

पोरीला ताप आला होता. दोन दिवस तिनं झाडपाला दिला. तिसऱ्या दिवशी पोरीचे डोळे फिरू लागले. एरवी पाड्यावरच्या चार बाप्यांनी झोळी करून आळीपाळीनं खांदा देत पोरीला पळवत नेलं असतं. आता तिथं हिंडता-फिरता बाप्या म्हणजे एक म्हातारा, त्यालाही धड दिसत नव्हतं. तिनं पोरीला पाठीला बांधलं आणि एकटी निघाली. गाडीरस्त्याला लागेपर्यंत पोरगी गेली होती. हे तिला लगेच कळलं नाही. पुढं एका जीपवाल्यानं तिला बसवलं आणि पाण्याचा घोट पाजायला सांगितलं, तेव्हा कळलं.

तिनं मला हे सगळं सरळ सांगितलं. रडली नाही. सांगून झाल्यावर उठली, हंडे घेतले आणि पाण्याला गेली. मी मागोमाग गेले. त्या दिवशी एक हंडा मी उचलला.

निरोप मिळून नवरा आला. त्यानं वाडीत जाऊन पाच-सहा कलमं मुळासकट उपटली. ती त्याला अडवायला गेली नाही. तो दमून खाली बसल्यावर तिनं त्यातली जिवंत दिसली ती परत लावली. त्याच्या शेजारी बसली आणि मग पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मी बांधावर उभी होते. जवळ जायची हिंमत झाली नाही.

पुढच्या दिवाळीनंतर दोघंही भट्टीवर गेली नाहीत. कलमं जगली, काही वर्षांनी धरली. वाडी बघायला संस्थेचे पाहुणे गाडीरस्त्यापर्यंत मोटारी भरभरून, पुढं चालत यायला लागले. मी अहवालात लिहिलं : या कुटुंबाचं स्थलांतर पूर्ण थांबलं. ते खोटं नव्हतं. मुलीबद्दल एक ओळही लिहिली नाही. कोणत्या रकान्यात लिहायचं, ते मला समजलं नाही, आणि मी कुणाला विचारलंही नाही.

एका पाहुण्यानं तिला विचारलं, "वाडीमुळं तुमच्या आयुष्यात काय फरक पडला?"

"आंबे झाले," ती म्हणाली, आणि फोटो काढून होईपर्यंत उभी राहिली.

त्या गुरुवारी मी का आले नव्हते, हे मी तिला फार उशिरा सांगितलं. तेव्हा माझं लग्न होऊन मोडलंही होतं. ती कैऱ्या निवडत होती. "बघायला आलते व्हय," एवढंच म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "तू आली असतीस तरी तिचा ताप उतरला नसता." मला ते पटलं नाही. मला वाटतं, तिलाही पटलं नव्हतं.

दोन हजार सालानंतर माझ्याकडे मुरबाडचे पाडे आले. तिथं मी एक नियम धरला : एका पाड्यावर निदान पाच घरं मागे राहणार असतील तरच वाडी करायची, नाहीतर नाही. वरिष्ठ चिडायचे. बऱ्याच पाड्यांवर पाच घरं जमलीच नाहीत. अशाच एका पाड्यावर एक तरुण बाई माझ्यामागं वाटेपर्यंत चालत आली. तिच्या कडेवर मूल होतं.

"ताई, बाकीचे नाय तर नाय, मी एकटी ऱ्हाते. मला कलमं द्या."

मी नाही म्हटलं. कारण सांगितलं नाही. ती दिवाळीनंतर ट्रकमध्ये बसून गेली. जिथं कलमं लागली असती, त्या तिच्या उतारावर अजून गवतच आहे.