शेवटच्या प्रकरणातलं मरण

आमच्या नांदेडच्या गटाचा एक नियम आहे. पत्रक ज्यांच्याबद्दल असेल, त्यांना ते छापण्याआधी मोठ्यानं वाचून दाखवायचं. एकालाही ओळ खटकली तर ती कापायची. एचआयव्हीवरची कितीतरी पत्रकं मी अशी लिहिली, हदगावच्या बसस्टँडवर वाटली.

मग मी एक कादंबरी लिहिली, तिला मात्र हा नियम लावला नाही. म्हटलं, हे साहित्य आहे, पत्रक थोडंच. तिच्यात एका बाईचा मोबाईल तळहाताच्या मांसात रुततो. काच कातडीखाली सरकत जाते आणि ती कुणाबरोबर झोपली, कोणता आजार घेऊन आली, ते सगळे मेसेज तिच्या पाठीवर फोडांसारखे उठतात. गाव रांग लावून वाचतं. हे मला आजही पटतं. बाईचं अंग लोकांना नोटीस बोर्ड वाटतं, त्याची किळस वाचणाऱ्याला आलीच पाहिजे.

लातूरच्या प्रकाशकाला बाड पसंत पडलं. छपाईच्या आधी अक्का आमच्या गटाच्या ऑफिसात आली. अक्का लोह्याची, गटातली सगळ्यांत जुनी. नवऱ्याकडून लागण झाली, तेव्हापासून रोज गोळ्या घेते, शिलाईवर घर चालवते. सुरुवातीच्या गोळ्यांनी तिच्या पायाला यायच्या त्या मुंग्या, बसलेले गाल, हे सगळं कादंबरीत मी तिला विचारूनच लिहिलं होतं. म्हणाली, वाच. दुपारभर वाचलं. फोडांचं तिला काही वाटलं नाही. आपली सासू असती तर चष्मा घेऊन पहिल्या नंबरला उभी राहिली असती, म्हणून हसली. शेवटी बाई सडून मरते, तिथं तिनं मला थांबवलं.

"हिला मारलंस कशाला, पोरी?"

मी म्हणाले, लोकांना भीती वाटायला नको का.

"त्यांला भ्या घालायला माझा मुडदा पायजे व्हय तुला? गोळी खाऊन राहिले, जित्ती हाय. पोरगी नर्सिंगला हाय. ते न्हाई दिसलं?"

भिंतीवर कवटी काढून एड्सची भीती घालणाऱ्यांवर मी भाषणं ठोकते, आणि कादंबरीत मी स्वतःच कवटी काढून बसले होते.

तिच्यासमोरच प्रकाशकाला फोन लावला, शेवट बदलते म्हटलं. तो म्हणाला, मरण काढलं तर पुस्तकाची सगळी धार जाईल, तसं तो छापणार नाही. मी म्हणाले, नका छापू. दुसऱ्या दिवशी लातूरची एसटी धरली आणि बाड उचलून आणलं. शेवट आता नव्यानं लिहितेय. त्यात ती बाई म्हातारी होणार.