बिनटिंबाची शेवती

एकतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्त झालो तरी लाल पेनाची सवय काही सुटली नाही. दुकानाची पाटी असो, लग्नपत्रिका असो, शुद्धलेखनाची चूक दिसली की माझा हात शिवशिवतो. या खोडीपायी मी शेजारच्या मालनबाईंचं एक वर्ष वाया घालवलं. त्यांनी मला अजून पुरतं माफ केलेलं नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे.

मालनबाई सिडकोतल्या आमच्या ओळीत, माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात. नवरा लवकर गेला. क्रांती चौकाजवळच्या मुलींच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये बावीस वर्षं स्वयंपाक करून त्यांनी हे घर उभं केलं आणि अतुलला, म्हणजे मुलाला, डिप्लोमापर्यंत शिकवलं. अतुल आता वाळूजला कंपनीत आहे. बाई ठेंगण्या, पण आवाज दोनशे पोरींच्या पंगतीला पुरेल असा. घरापुढं बारा फूट बाय आठ फुटांचा मातीचा तुकडा आहे. बाकी सगळ्यांनी आपापल्या दारात फरशी बसवून टाकली, मीसुद्धा. यांनी तेवढी माती राखली.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये त्या हातात चिठ्ठी घेऊन माझ्याकडं आल्या. "सर, अतुल नर्सरीत चाललाय. बरोबर लिव्हलंय का बघा बरं." चिठ्ठीवर लिहिलं होतं: शेवती, पांढरी, वेल. मी खिशातलं पेन काढलं, 'व'वर ठसठशीत टिंब दिलं आणि म्हणालो, "शेवंती. अनुस्वार राहिला होता." त्यांच्या कपाळावर आठी आली, पण मी पडलो मास्तर. त्या चिठ्ठी घेऊन गेल्या.

अतुलनं शेवंतीच्या चार पिशव्या आणल्या. बाईंनी पानाकडं एकदा पाहिलं आणि तडक माझं फाटक वाजवलं.

"ही शेवंती हाय. मी शेवती म्हणले व्हते."

"अहो, तेच ते. खेड्यात टिंब गाळून बोलतात."

"काय गाळत नाय आमी. शेवती म्हंजी गुलाब. पांढरा. वर चढतो. लई वास."

मग पायरीवरच बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांची माय चंपाबाई, वय ऐंशीच्या पुढं, गंगापूरकडच्या एका गावात मालनबाईंच्या भावाजवळ राहतात. तरुणपणी त्या एका बागाईतदाराच्या मळ्यात रोजानं जायच्या. तिथं विहिरीवर शेवतीचा वेल होता. त्याला पाणी घालायचं काम चंपाबाईंचं, चौदा वर्षं. एकदा घरी बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवायला त्यांनी एक फूल मागितलं. मालक म्हणाला, पाणी घालायचं, हात लावायचा नाही. तेव्हा सात वर्षांच्या मालनबाई आईचा पदर धरून शेजारीच उभ्या होत्या.

"माय परत कदी बोलली नाय त्या फुलाचं," त्या म्हणाल्या. "पन मी ठरवलंय. ती हाये तोवर तिच्या हातानं शेवती तोडायला लावीन. इकतची नाय. माझ्या दारातली."

हे ऐकून माणसानं गप्प बसावं की नाही? मी बसलो नाही. टिंबाची भरपाई म्हणून मी मोठ्या उत्साहानं शहरातल्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या. शेवती म्हटलं की सगळीकडं शेवंतीच पुढं करत. शेवटी एकानं पांढऱ्या वेली गुलाबाचं कलम दिलं. मी ते मिरवत आणलं. पांढरा आहे, वेल आहे, गुलाब आहे, आणखी काय पाहिजे? बाई घुटमळत होत्या, मीच आग्रह केला. त्यांनी तो जिवापाड वाढवला. आमच्याकडं नळ आठ-आठ दिवसांनी येतो, त्या दिवशी बाईंची पहिली कळशी गुलाबाला आणि मग बाकीच्या घराला. तांदूळ धुतलेलं पाणी, मेसमधला चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, सगळं त्याच्याच बुडाशी. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर तो फुलला. बाईंनी फूल नाकाशी नेलं, दोनदा हुंगलं आणि माझ्यापुढं धरलं.

"वास कुठंय? कागद हाय नुस्ता." त्याच दिवशी त्यांनी तो मुळासकट काढून माझ्या दारातल्या पिंपात लावून टाकला. अजून आहे. छान दिसतो. वास नाही.

असं ते वर्ष वाया गेलं. त्या वर्षात चंपाबाई घसरून पडल्या आणि काठीवर आल्या. फोनवर भाऊ काय सांगायचा ते बाई मला सांगत नसत, पण मेसला जाताना त्यांची चाल वाढलेली मला दिसत होती. मला फार वाईट वाटलं. मी माळ्यावरचा जुना शब्दकोश काढला. आता तरी शेवंती सोडून पुढं-मागं बघावं म्हटलं, तर शेवती तिथं स्वतंत्र होती, बिनटिंबाची. पांढऱ्या गुलाबाची जात. एकतीस वर्षं मी मुलांच्या वह्यांतून काय काय खोडून टाकलं असेल, या विचारानं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाईंपुढं कान धरले. त्यांना माझ्या कानाशी देणंघेणं नव्हतं. "कागदात सापडली, आता जमिनीत हुडका," म्हणाल्या. रविवारी आम्ही दौलताबादवरून खुलदाबादला गेलो. दर्ग्याच्या रस्त्याला फुलांच्या चादरी विकणाऱ्या ओळीत बाई प्रत्येकाला एकच शब्द विचारत चालल्या. पाचव्या दुकानात मुनीरचाचा म्हणून एक म्हातारे होते. त्यांनी मान वर केली.

"सेवती बोल रै ना अम्मा? हौ, है ना. हमारे आंगन में है, दादा के जमाने की."

माझा शब्दकोश चार किलोचा, आणि हा माणूस तो शब्द घरच्यासारखा वापरत होता. चाचांनी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पाच काड्या कापून ओल्या फडक्यात गुंडाळून दिल्या आणि दोन गोष्टी बजावल्या. "दो साल छुरी नक्को लगाना. और फांदी खडी नक्को, आडी बांधना. आडी फांदी कू फूल आता."

पाचातल्या तीन काड्या काळ्या पडल्या. चौथी फुटली आणि वाळली. पाचवीला मालनबाईंनी अर्ध्या कापलेल्या पाण्याच्या बाटलीखाली झाकून ठेवलं, आणि रोज सकाळी डबा भरायच्या आधी त्या तिच्यापुढं उकिडव्या बसत. पहिलं पान आलं तेव्हा मला हाक मारली. ऑक्टोबरात सगळे गुलाब छाटतात म्हणून मी कात्री घेऊन गेलो, तर म्हणाल्या, "सर, तुमी लांबून बोला." वर्षभरात वेल डोक्याच्या वर गेला.

आणि दिवाळीला अतुलची गाडी यायची ठरली.

अतुल वाईट मुलगा नाही. पण रस्त्यावर गाडी ठेवली की कुणीतरी ओरखडा काढतो, हेही खरं. गाडी दारातच ठेवायची म्हणून त्यानं आईला न विचारताच फरशीवाला बोलावला. फरशीवाल्यानं सूत धरलं तेव्हा मालनबाई वेलापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"आई, एका झाडापायी? पाहिजे तर मी रोज टोपलीभर फुलं आणून देतो."

"टोपली मला नगं. तुझ्या आजीला झाडावरनं तोडू द्यायचंय." आणि जे मला पायरीवर सांगितलं होतं ते त्यांनी मुलाला पहिल्यांदाच सांगितलं, मळा, विहीर, चौदा वर्षं, सगळं, फरशीवाल्यादेखत. अतुल खाली बघत राहिला. "मला कामून नाय सांगितलं?" एवढंच म्हणाला.

"तुला सायेब करायचं व्हतं. रडगाणं कशाला ऐकवू?" बाईंनी पदर खोचला, फरशीवाल्याच्या हातातला खडू घेतला आणि वेलाच्या बुडाभोवती दोन वितींचा चौकोन काढला. "एवढी माझी. बाकीची तुझ्या गाडीला. ही काय जमिनीवर झोपणार हाय का? वर जाईल."

अतुलनंच मग गाडीच्या जागेवर चार पाइप उभे करून वर जाळी टाकली. फांद्या बाईंनी जाळीवर जुन्या साडीच्या चिंध्यांनी आडव्या बांधल्या. हाताला काटे लागून मेसमध्ये कणीक मळताना आग व्हायची. त्या हातमोजे घालून मळत, पण एकही दिवस बांधायचं चुकवलं नाही.

यंदा फाल्गुनात वेल फुलला. घोसच्या घोस, बोराएवढ्या कळ्या, आणि वास असा की सकाळी दूधवाला गाडी बंद करून उभा राहिला. बाईंनी एकही फूल तोडलं नाही, मला तोडू दिलं नाही. अतुल त्याच दिवशी गंगापूरकडं गेला आणि आजीला पुढच्या सीटवर बसवून घेऊन आला.

चंपाबाई पांढऱ्या लुगड्यात, काठी टेकत उतरल्या. वर पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळा हात पाठीमागं नेला. हळूच लेकीला म्हणाल्या, "मालन, कुनाला इचारलं का?"

मालनबाईंना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही त्या रडल्या नाहीत, चिडल्या. "कुनाला इचारायचं, माय? माझं घर हाय. पानी मी घातलं. तोड तू. सगळी तोड."

चंपाबाईंनी एक तोडलं. थांबून दाराकडं पाहिलं. कुणी हटकलं नाही. मग दुसरं तोडलं, तिसरं तोडलं, आणि पदर पसरून खुडत सुटल्या. अतुलनं घरातून स्टूल आणलं, त्यावर आजीला चढवलं आणि दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.