मस्कतची गाडी आणि बोनकोड्याचे जाधव मिस्त्री

सत्त्याण्णवच्या जानेवारीत वाशीच्या डेपोसमोर आमची गाडी पांढरा धूर सोडत बंद पडली. आत मी एकटी... आणि पाच मिनिटांत भोवती तीसेक माणसं.

गाडी होतीच तशी. काळी, दोन सीटची, टर्बो इंजिनाची स्पोर्ट्स कार, स्टिअरिंग डावीकडे. माझे मिस्टर सलीम मस्कतची नोकरी सोडून कायमचे परत आले तेव्हा हौसेनं घेऊन आले होते. मग कंपनीनं त्यांना पुन्हा वर्षभरासाठी बोलावलं आणि गाडी माझ्यावर सोपवून ते गेले.

चालवायला मी मस्कतलाच शिकले होते. पण तिला दुरुस्त कोण करणार?

पहिल्या मेकॅनिकनं माझ्याकडे न बघताच साहेबांना बोलवा म्हणून सांगितलं. दुसरा म्हणाला, टर्बो काढूनच टाकू, इथल्या रस्त्यांवर कशाला पाहिजे. तिसऱ्यानं पंधरा दिवस ठेवून घेतली... परत आली ती तशीच धूर सोडत, आणि डिकीतला पान्यांचा मूळ सेट गायब.

माझ्या सासूबाईंना ती गाडी पहिल्यापासून आवडत नव्हती. दोनच माणसं बसतात ती कसली गाडी, असं त्यांचं म्हणणं. मी गॅरेजमधून आले की त्या माझा चेहरा वाचायच्या.

मी बेलापूरला ज्या ऑफिसात होते तिथल्या ड्रायव्हरनं जाधव मिस्त्रींचं नाव सांगितलं. मूळचे साताऱ्याकडचे, आयटीआय झालेले, मग फौजेच्या वर्कशॉपमध्ये अठरा वर्षं. रिटायर झाल्यावर वाशीजवळच्या बोनकोड्यात एका पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज टाकलं होतं.

गाडी टो करून नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ नुसतं बघितलं आणि बंद केलं.

"ताई, असलं इंजिन मी खोललेलं नाही. पुस्तक मागवा. वाचतो, मग हात लावतो."

मला हसावं की रडावं कळेना. पण मागचे तिघं न वाचताच सगळं जाणत होते... म्हणून मी सलीमना फोन केला. त्यांनी ओळखीच्या एका माणसाबरोबर वर्कशॉप मॅन्युअल पाठवलं. चांगलं चार बोटं जाड, इंग्रजीतलं.

जाधव मिस्त्रींनी ते महिनाभर वाचलं. अडलेले शब्द वहीत लिहून ठेवायचे आणि मी गेले की विचारायचे. कोणता बोल्ट किती जोरानं आवळायचा हे मोजायला त्यांनी एका जुन्या सहकाऱ्याकडून खास पाना आणला. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं पॅकिंग, गेलं होतं, ते बदललं. गाडी इतके दिवस उभी होती म्हणून ब्रेकही खोलून साफ केले.

एप्रिलमध्ये गाडी घरी आली. आवाज असा, की सोसायटीतले लोक गॅलरीत आले.

दुसऱ्याच दिवशी श्रीवर्धनला सासूबाईंच्या भाचीचा निकाह होता. एवढ्या दिवसांनी त्या पहिल्यांदाच या गाडीत बसायला तयार झाल्या होत्या. सकाळी साडेसहाला बॅग घेऊन आम्ही खाली उतरलो, तर गेटमधून जाधव मिस्त्री सायकलवरून येत होते. घामानं भिजलेले.

"गाडी काढू नका, ताई. चूक माझी आहे."

रात्री पुस्तक परत करायला म्हणून काढलं आणि शेवटचं एकदा चाळलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं होतं. ब्रेकच्या पाइपच्या जोडाला नवीन तांब्याचे वॉशर टाकायचे होते, त्यांनी जुनेच बसवले होते. मला पेडल जोरात दाबून धरायला लावलं, चाकाच्या आतून हात घातला आणि बोट माझ्यापुढे धरलं. बोटाला ब्रेक ऑइल होतं. अगदी थोडंसं... पण पुढे म्हसळ्याकडचा घाट होता.

त्या मापाचे वॉशर मुंबईतून आणावे लागणार होते. म्हणजे निकाहची वेळ गेलीच.

मी भडकले. तुमच्यावर विश्वास ठेवला, तुम्हीही तसेच निघालात, असं बरंच काही बोलले. ते मान खाली घालून उभे राहिले. एकही सबब सांगितली नाही.

आम्ही रिक्षानं पनवेलला गेलो आणि तिथून एसटी धरली. कर्नाळा गेलं तरी मी धुमसतच होते. तेव्हा सासूबाई म्हणाल्या,

"नसीमा, तो आला नसता तर आपल्याला कळलं असतं का? चूक झाली हे त्याला एकट्यालाच माहीत होतं. तरी आला ना..."

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

निकाह चुकला, जेवणाला पोहोचलो. भाची थोडी रुसली, मग हसली.

दोन दिवसांनी परत आलो तेव्हा ब्रेक तयार होते. जुने वॉशर त्यांनी कागदात गुंडाळून मला दाखवायला ठेवले होते. त्यानंतर आठ वर्षं, गाडी विकेपर्यंत, तिला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही. सासूबाई पुढे कितीदा तरी त्या गाडीतून श्रीवर्धनला गेल्या. मिस्त्री नंतर गॅरेज बंद करून गावी गेले.

परवा सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी विचारलं, भरवशाचा मेकॅनिक कसा ओळखायचा? लोकांनी बरंच लिहिलं... सर्टिफिकेट बघा, हत्यारं बघा, रेट विचारा. सगळं बरोबरच आहे. मी मात्र टाइप करता करता थांबले.

त्या सकाळी एक माणूस बोनकोड्याहून सायकल हाणत आम्हाला वाचवायला आला होता... आणि मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.