श्रावणचा उजवा पाय

वलगाव-दर्यापूर रस्त्यावर श्रावणने वीस वर्षं सवारी जीप चालवली, आणि एवढ्या काळात ब्रेकला त्याने फारसा त्रास दिला नाही. हात दाखवणारा माणूस दिसला की तो लांबूनच अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा. जीप घरंगळत जायची आणि तिचं दार बरोबर त्या माणसाच्या पुढ्यात येऊन थांबायचं. या कलेला पुरस्कार नसतो, तरी श्रावण पुरस्कार मिळाल्यासारखाच वावरे.

जीप भंगारात गेली आणि दारात बॅटरीवरची टॅक्सी आली. हिच्या अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की ही घरंगळत नाही, आपली आपणच आवरून उभी राहते. श्रावणने पहिल्याच दिवशी सवयीने लांबून पाय उचलला. गाडी बरीच अलीकडे, बाभळीखाली थांबली. हात दाखवणारा तिकडे थांबला, गाडी इकडे. शेवटी तोच चालत आला.

गाडीत नत्थुजी होते, दर बुधवारी अकोल्याला लेकीकडे जाणारे. झटक्यांनी त्यांची मान रस्ताभर होकार देत राहिली. उतरल्यावर मात्र म्हणाले, "श्रावण, माहे आतडे अमरावतीलेच राहिले रे!"

श्रावणची बायको भागीरथा. तिला जीपचा क्लच कधी साधला नाही, हे श्रावण पाहुण्यांना चहाबरोबर सांगत असे. लायसन तेवढं होतं तिच्याकडे. एका दुपारी तिने नवी गाडी वलगावपर्यंत नेली आणि परत आणली. एक झटका नाही.

"तुले कसं जमलं?"

"मशीनवानीच हाये जी. मोटरच्या शिलाई मशीनचा पाय दाबला का पयते, सोडला का थांबते. गळ्याची गोलाई शिवतानी एकदम सोडसान, तं ब्लाऊजचं काय होईन?"

श्रावणने आजवर ब्लाऊज शिवला नव्हता, आणि त्यावाचून आपलं अडेल असं त्याला वाटलंही नव्हतं.

ही बातमी नत्थुजींच्या कानावर गेली, आणि मंगळवारी त्यांचा फोन आला. "उद्या वयनीच येतीन ना?"

बायकोचा हेवा करणं नवऱ्याला शोभत नाही, म्हणून श्रावण त्याला काळजी म्हणू लागला. रस्ता बेकार आहे, ट्रकवाले बेकार आहेत. मेकॅनिक म्हणाला, "भाऊ, हे आवरणं कमी करून देतो ना, जुन्या गाडीवानी चालीन." श्रावण भडकला, "बाईच्या पायाले जे चालते, ते माह्या पायाले कावून नाई?"

मग भागीरथा सवाऱ्या घेऊन निघाली की तो तिच्या शेजारी बसून जाऊ लागला. संशयी नवरा बायकोच्या फोनकडे पाहतो, तसा तो तिच्या चपलेकडे पाही. शेवटी एकदा रिकाम्या गाडीत, खिडकीबाहेर बघत, त्याने विचारलंच.

"पाय... उचलत नाई का तू?"

"उचलाचा नाईच. हयूहयू ढिला कराचा. थांबाच्या जागेपर्यंत पाय तिथंच."

आठवडाभर तो पहाटे एकटाच गाडी घेऊन जाई.

बुधवारी त्याने नत्थुजींना अकोल्याला नेलं. भागीरथाही मागच्या सीटवर होती. लेकीच्या दारात गाडी अशी थांबली की नत्थुजींना थांबल्याचं कळायलाच वेळ लागला. श्रावण आरशात बघत कौतुकाची वाट पाहत राहिला.

नत्थुजी उतरले, मागे वळून म्हणाले, "वा वयनी! चांगलं तयार केलं तुमी याले."

परतीच्या रस्त्यावर श्रावणने एकदम पाय उचलला आणि गाडीला झटका बसला. समोर कोणीही नव्हतं. मागच्या सीटवर भागीरथा एकटीच होती.