दिंडोरीच्या सेवापुस्तकातील नोंद

न्यायालयाच्या कचेरीत आयुष्य घालवलेल्या माणसाने उतारवयात शिक्षणसंस्थेचे मानद सचिवपद स्वीकारू नये, असे मला अलीकडे वाटते. मी स्वीकारले. आमचे मुख्य कार्यालय गंगापूर रोडला. शाखा कार्यालये नाशिक रोडला आणि दिंडोरीला. दोन्ही शाखांचे इंटरनेट मुख्य कार्यालयातील राउटर नावाच्या एका लहानशा यंत्रातून जाते. आम्ही इंटरनेटची कंपनी बदलली त्याच आठवड्यात शिपायाने मोबाइल चार्ज करण्यासाठी त्या यंत्राची वायर काढली. मी यंत्र जाळीच्या कपाटात ठेवले, कुलपावर कागद चिकटवला, लाखेची मोहोर केली आणि लिहिले, ‘सचिवांच्या लेखी परवानगीशिवाय उघडू नये.’ कचेरीत आम्ही मुद्देमाल असाच ठेवत असू.

दिंडोरीचे परीक्षा अर्ज येणे तेव्हापासून बंद झाले. नाशिक रोडचे येत होते. यंत्र एकच, एक शाखा चालते, दुसरी चालत नाही. अर्थात दोष दुसरीचा, असा निष्कर्ष मी काढला आणि तेथील लिपिक बाईंना कारणे दाखवा नोटीस बजावली. सेवेत कायम होण्याचा त्यांचा प्रस्ताव पुढच्या महिन्याच्या अखेरीस कार्यकारिणीपुढे यायचा होता. नोटिशीची नोंद सेवापुस्तकात असेपर्यंत तो पुढे सरकणार नव्हता.

त्यांचा खुलासा दोन ओळींचा होता : ‘मी रोज पाठवते. इकडून जाते, तिकडून काही परत येत नाही.’ समासात मी ‘असमाधानकारक’ असा शेरा मारला.

कंपनीला पाच पत्रे लिहिली. प्रत्येक वेळी एकच उत्तर आले : ग्राहकाचे सहकार्य नाही, तक्रार बंद. संतापाने मी ग्राहक आयोगात जाण्याची पूर्वसूचना तीन पानांत दिली. तेव्हा कुठे कंपनीचा तंत्रज्ञ, पन्नाशीचा गृहस्थ, थेट माझ्या टेबलापाशी आला.

“काका, तिसऱ्यांदा येतोय. कपाटावरची सही तुमचीच ना?”

“माझीच.”

“मग परवानगी द्या. लेखी द्या, नाहीतर उद्या माझ्यावरच केस टाकाल.”

मी लिहून दिली. मोहोर फोडून त्याने आपला लॅपटॉप जोडला.

“नाशिक रोड शाखेला उत्तरं परत जायचा नवा मार्ग या यंत्रात पहिल्या दिवशीच घातला होता. दिंडोरीचा दुसऱ्या दिवशी घालणार होतो, तर तुमची लाख. दिंडोरीचं सगळं इथवर पोहोचतंय, काका. उत्तर जुन्या कंपनीच्या बंद लाइनवर जातंय.”

काम दहा मिनिटांत झाले. सात आठवडे एक बाई खरे सांगत होती आणि मी तिच्या खऱ्याला शेरा मारून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी एसटीने दिंडोरीला गेलो. सेवापुस्तकातील नोंद खोडता येत नाही. तिच्याखाली नवी करावी लागते. मी लिहिले, ‘तांत्रिक कारणास्तव झालेला विलंब लक्षात घेऊन नोटीस मागे घेण्यात येत आहे.’

बाईंनी ते सावकाश वाचले.

“साहेब, यात चूक कोणाची ते आलं नाही.”

“नोटीस मागे घेतली आहे, बाई.”

“कार्यकारिणीत वाचतील. बाईंवर दया केली म्हणतील.”

मी पुन्हा पेन उघडले. खाली लिहिले, ‘सचिवांनी यंत्राचे कपाट मोहोरबंद ठेवल्यामुळे हा दोष निर्माण झाला. लिपिकांचा खुलासा पहिल्यापासून अचूक होता.’ सही केली आणि पुस्तक त्यांच्याकडे सरकवले.

त्यांनी शाईचा पॅड माझ्यापुढे ठेवला.

“शिक्का राहिला, साहेब.”